गळती दिसते एकीकडे, असते दुसरीकडे

मैत्रिणींनो, पावसाळा सरला की घराघरातून एक काम हमखास निघतं. छताच्या कोपऱ्यात उमटलेले ओलीचे पिवळट डाग दिवाळीच्या आत झाकायचे! रंगारी येतो, खरवडतो, पुट्टी भरतो, दोन हात मारतो. दिवाळी छान पार पडते. आणि पुढच्या आषाढात तोच डाग, त्याच जागी, थोडासा पसरून परत हजर असतो. मग कुणी म्हणतं, रंगच हलका वापरला. कुणी म्हणतं, गच्चीला नवा कोबा घाला. पाणी आत शिरतंय कुठून, हे शोधायला मात्र कुणाला सवड नसते.

तुम्ही म्हणाल, आपलं घर जुनं, मिस्त्री गावातला, असं होणारच. पण अगदी हीच कथा मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरही घडते. ज्या इमारती बघायला जगभरातून लोक येतात, तिथे! अशाच एका इमारतीची दुरुस्ती मला जवळून बघायला मिळाली. त्यातून जे कळलं ते आपल्या गावातल्या स्लॅबच्या घरालाही तितकंच लागू आहे, म्हणून आज त्याविषयी लिहिते आहे.

समुद्राकाठचा काँक्रीटचा वारसा

मरीन ड्राइव्ह म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. १९२० च्या दशकातल्या बॅक बे भराव योजनेनंतर, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर इथे इमारती उभ्या राहिल्या. बहुतेक १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या. तोपर्यंत मुंबईत मोठं बांधकाम म्हटलं की दगड, वीट आणि सागवानी लाकूड. इथे मात्र सिमेंट काँक्रीट आणि लोखंडी सळया आल्या, त्यामुळे गोलसर कोपऱ्यांच्या गॅलऱ्या, खिडक्यांवरून भुवयांसारखे पुढे आलेले लांबलचक छज्जे, जहाजाच्या डेकसारखे कठडे असं सगळं करता आलं. या शैलीला आर्ट डेको म्हणतात. याच काळात मुंबईत रीगल (१९३३) आणि इरॉस (१९३८) ही चित्रपटगृहंही याच शैलीत उभी राहिली. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. एकूण ९४ इमारती आहेत त्यात.

आपल्याला दिसतं ते बाहेरचं रूप. आत राहणाऱ्यांना दिसतात भिजलेल्या भिंती आणि पडणारे पोपडे.

माझी मोठी मामेबहीण लग्न होऊन अशाच एका इमारतीत गेली, सगळ्यात वरच्या मजल्यावर. बचत गटाच्या कामाला मुंबईला गेले की मी ताईकडेच उतरते. खिडकीतून अथांग समुद्र, आणि हॉलच्या समुद्राकडच्या कोपऱ्यात, छताखाली, प्लॅस्टिकची बादली! ताई हसून म्हणायची, "अगं, लोक या खिडकीसाठी कोट्यवधी मोजतात. बादली मात्र फुकट मिळते."

एकदा मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. खालच्या मजल्यावरच्या छज्जाचा परातीएवढा तुकडा सुटून गॅलरीत पडला. त्या गॅलरीत कामवाल्या बाईंची मुलगी रोज दुपारी अभ्यासाला बसायची. त्या दिवशी तिची शाळेत परीक्षा होती, म्हणून ती वाचली. त्यानंतर इमारतीची नीट तपासणी करून घ्यायचं ठरलं.

खारी हवा आणि आतली सळई

तपासणीला आलेले इंजिनीअर वयस्कर होते, शिकवायची हौस असलेले. काँक्रीट का फुटतं हे त्यांनी मला आणि ताईला चहा पिता पिता समजावून सांगितलं.

काँक्रीट हे मुळात अल्कधर्मी असतं. त्या अल्कामुळे आतल्या सळईवर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो लोखंडाला गंजू देत नाही. म्हणजे काँक्रीट सळईला नुसतं झाकत नाही, जपतंही. पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत जातो आणि अल्क कमी होतं. हे कुठल्याही गावात होतं. समुद्राकाठी त्यात भर पडते मिठाची. वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण भिंतीवर बसतात, ओलीबरोबर आत जातात आणि तो थर जागोजागी फोडतात. मग लोखंड गंजायला लागतं.

खरी गोम पुढेच आहे. गंज ही लोखंडापेक्षा जास्त जागा घेणारी वस्तू आहे, मूळच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत! आतली सळई फुगते आणि भोवतालचं काँक्रीट आतून फोडते. आधी सळईच्या रेषेत बारीक तडा जातो, तड्यातून पाणी शिरतं, पाण्याने गंज वाढतो, गंजाने तडा वाढतो. शेवटी तुकडाच सुटून खाली येतो. म्हणजे गळतीमुळे गंज आणि गंजामुळे गळती, असं ते चक्र आहे.

छज्जाची वरची बाजू पावसाने धुऊन निघते, पण खालची बाजू कधीच धुतली जात नाही. तिथे मीठ साठत राहतं. म्हणून छज्जे बहुधा खालूनच फुटतात. त्यातून त्या काळी सळईवरचं काँक्रीटचं आवरण आजच्या मानाने पातळ ठेवत. ऐंशी-नव्वद वर्षांत मीठ तिथवर पोचणारच.

भिंतीवरचं कॅलेंडर

ताईच्या कोपऱ्यातल्या गळतीसाठी आठ वर्षांत दोनदा गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं होतं. दोन्ही वेळा वेगळा ठेकेदार, दोन्ही वेळा भरपूर खर्च, आणि बादली जागच्या जागी. त्यामुळे सभेत पुरुषमंडळींचं मत पडलं, "गच्चीच पुन्हा करून घेऊ, या वेळी चांगल्या कंपनीकडून."

इंजिनीअरांनी विचारलं, "गळतं कधी? कोणत्या दिवशी, किती वेळ?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा ताई उठली आणि स्वयंपाकघरातली कॅलेंडरं घेऊन आली. ती जुनी कॅलेंडरं टाकत नाही. दुधाच्या हिशेबाशेजारी, गॅस लावल्याच्या तारखेशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'छत ठिबकलं', 'वारा फार, बादली दोनदा भरली', 'दिवसभर धो धो, पण कोरडं'.

इंजिनीअर ते वाचतच राहिले. दिवसभर मुसळधार पाऊस, गच्चीत घोटाभर पाणी, आणि घर कोरडं! उलट पाऊस बेताचा, पण पश्चिमेचा वारा सुटून सरी तिरप्या आल्या की ठिबक सुरू. म्हणजे पाणी गच्चीतून येत नव्हतंच. ते समुद्राकडच्या दर्शनी बाजूने शिरत होतं.

खात्रीसाठी गच्चीची पाणी निघून जाण्याची तोंडं बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवलं. खाली थेंबही आला नाही. मग परांची बांधून समुद्राकडची बाजू जवळून बघितली, तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. गच्चीच्या कठड्याला सळईच्या रेषेत लांब तडा होता. तिथून शिरलेलं पाणी सळईच्या कडेकडेने सरकत हात-दीड हात लांब, ताईच्या कोपऱ्यात उतरत होतं.

दुसरी गोष्ट तर फारच साधी. छज्जाच्या खालच्या कडेला मूळ बांधणाऱ्यांनी करंगळीएवढी खाच ठेवलेली असते. वरून ओघळलेलं पाणी त्या खाचेपाशी तुटतं आणि पागोळीसारखं खाली पडतं, भिंतीकडे सरकत नाही. मागे कधीतरी गिलावा करताना कुणीतरी ती खाच 'साफ' म्हणून बुजवून टाकली होती! पाणी छज्जाच्या पोटाखालून सरळ भिंतीपर्यंत जायला मोकळं.

ताईच्या त्या चार ओळी नसत्या, तर तिसऱ्यांदा गच्ची खणली गेली असती. घर गळतं कधी, कुठे, किती, हे ज्या बाईला रात्री उठून बादली रिकामी करावी लागते तिला ठाऊक असतं. पण सभेत तिला कुणी विचारत नाही, आणि तीही 'त्यात आपल्याला काय कळतं' म्हणून चहाकडे बघते. आमच्या गावातल्या घरकुलांच्या बैठकांतही मी हेच बघत आले आहे.

ठिगळ नको, मुळापासून

मग प्रत्यक्ष दुरुस्ती सुरू झाली. मी तीन-चार वेळा जाऊन बघून आले.

सगळ्यात आधी टेकू लावले. मग कामगार लहान हातोडीने प्रत्येक छज्जा, प्रत्येक तुळई ठोकून बघत होते. चांगल्या काँक्रीटचा आवाज ठणठणीत येतो, आतून सुटलेल्याचा पोकळ, भद्द. आपण बाजारात माठ वाजवून घेतो ना, तसंच! पोकळ जागांवर खडूने खुणा केल्या. फोडलेल्या ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन फवारलं. शाळेच्या प्रयोगशाळेतलं तेच. अल्क शाबूत असेल तिथे काँक्रीट गडद गुलाबी होतं, अल्क गेलेलं असेल तिथे रंगच चढत नाही. किती खोलवर काँक्रीट दुबळं झालंय ते डोळ्यांनी दिसतं.

सुटलेला भाग फोडताना सळईच्या मागपर्यंत जावं लागतं, पुढची बाजू साफ करून भागत नाही. सळई चारी बाजूंनी घासून गंज काढला. जी फार झिजली होती तिला जोडसळई दिली. मग गंजरोधक थर, मग जुनं-नवं चिकटावं म्हणून जोडथर, आणि मग पॉलिमर मिसळलेलं मॉर्टर, एकदम नाही, थराथराने. त्यानंतर गोणपाट लावून दिवसचे दिवस ओलं ठेवणं. हे शेवटचं काम सगळ्यात स्वस्त, आणि नेमकं तेच टाळलं जातं. पाणी मारायला माणूस ठेवला नाही तर महागडं मॉर्टरही आकसून तडकतं.

तड्यांमध्ये इंजेक्शन देतात, हेही तिथेच बघितलं. तड्याच्या कडेने तिरकी भोकं पाडून, त्यात छोट्या नळ्या बसवून दाबाने रसायन भरतात. तडा कोरडा असेल आणि ताकद परत आणायची असेल तर इपॉक्सी. पाणी वाहतच असेल तर पॉलियुरेथेन, कारण ते पाण्याशी संयोग होऊन फुगतं आणि वाट बंद करतं. पण तडा गंजामुळे पडलेला असेल तर नुसत्या इंजेक्शनचा उपयोग नाही. आत गंज चालूच राहतो आणि शेजारी दुसरा तडा पडतो.

आणखी एक गोष्ट मला नवीन होती. मिठाने भरलेल्या जुन्या काँक्रीटमध्ये मधेच नवं ठिगळ लावलं, तर ठिगळाखालची सळई सुखरूप राहते, पण ठिगळाच्या कडेला, जुन्या भागातली सळई आधीपेक्षा जोरात गंजायला लागते. म्हणून चार वर्षांनी बरोब्बर ठिगळाच्या शेजारीच फुटतं, आणि आपण म्हणतो, मिस्त्रीने फसवलं! यावर उपाय म्हणून ठिगळाच्या कडेला सळईला जस्ताचे छोटे तुकडे बांधतात. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. आपल्या जस्ताच्या बादलीचं तत्त्व तेच.

वारशाची इमारत असल्यामुळे बाहेरचं रूप बदलून चालत नाही. मुंबईसाठी वारसा नियम १९९५ मध्येच आले, देशातले असे पहिलेच. त्यामुळे छज्जाची गोलाई, कठड्यावरच्या आडव्या रेघा जशा होत्या तशाच यायला हव्यात. चांगल्या राहिलेल्या भागावरून फर्मा बनवून कारागीर त्या रेघा पुन्हा ओढत होते. आणि हो, ती बुजलेली खाच पुन्हा कोरली! रंगही असा निवडला की भिंतीत अडकलेली ओल बाहेर पडू शकेल. प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा घट्ट रंग दिला तर ओल आतच कोंडते.

सगळंच पाणी अडवायचं नसतं

एक दिवस संध्याकाळी कठड्यावर बसलो असताना मी इंजिनीअरांना विचारलं, "या समुद्राकडच्या भिंतीला गळती लागत नाही का?" ते म्हणाले, किनाऱ्यावरच्या बांधाचं गणित वेगळं असतं. भरावाच्या जमिनीत पावसाचं पाणी मुरतं. ते भिंतीमागे साठलं तर भिंतीला समुद्राकडे ढकलतं. म्हणून अशा भिंतींना मुद्दाम भोकं ठेवतात, आणि त्यामागे खडी, गाळणीसारखे थर. पाणी यावं, माती येऊ नये. नको तिथल्या सांध्यातून पाण्याबरोबर माती वाहून जायला लागली की वरचा फूटपाथ आतून पोकळ होतो आणि एक दिवस खचतो. म्हणजे ठेवलेली भोकं बुजवणं जितकं वाईट, तितकंच उघडे सांधे तसेच सोडणं वाईट. गंमत म्हणजे लोखंड सगळ्यात जास्त गंजतं ते कायम पाण्याखाली असलेल्या भागात नव्हे. लाटा उडून जो भाग कधी ओला, कधी कोरडा होतो, तिथे. कारण गंजायला पाणी लागतं तशी हवाही लागते.

पैसा आणि एकमत

काम कठीण होतं, पण त्याहून कठीण होतं सगळ्यांना एकत्र आणणं. मुंबईतल्या जुन्या इमारतींचं दुखणं कायद्याशीही जोडलेलं आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. त्याने लाखो कुटुंबांचं छप्पर टिकलं, हेही खरं. पण त्या भाड्यात दुरुस्ती होईना, आणि मालक लक्ष घालीनात. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि दरवर्षी ४ टक्के वाढीची सोय झाली, तरी मुळातली रक्कमच इतकी लहान की परांचीचा खर्चही निघू नये. ताईच्या इमारतीत मालक म्हणत, भाडेकरूंनी भरावं. भाडेकरू म्हणत, मालकाने करावं. खालचे म्हणत, गळतं वरच्यांचं. या वादात आठ पावसाळे गेले. छज्जा पडल्यावर मात्र पंधरा दिवसांत वर्गणी ठरली.

तो तुकडा त्या मुलीच्या डोक्यात पडला असता, तर कोणत्या मजल्याने किती टक्के द्यायचे याचा हिशेब कोण करत बसलं असतं?

कायदा आता याबाबतीत जागा आहे. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींनी स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून दाखला घेणं बंधनकारक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही १५ ते ३० वर्षांच्या इमारतींसाठी पाच वर्षांतून एकदा आणि त्यापेक्षा जुन्यांसाठी तीन वर्षांतून एकदा तपासणी सांगितली आहे. आपल्या तालुक्याच्या गावांतही आता तीस-तीस वर्षांच्या सोसायट्या झाल्या आहेत. किती जणींना आपल्या इमारतीचं वय आणि शेवटच्या तपासणीची तारीख सांगता येईल?

आपण काय करू शकतो?

पुष्कळ काही, आणि तेही फारसा खर्च न करता. ओलीच्या डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख घाला. महिन्याने बघा, डाग रेघेबाहेर गेला का. भर उन्हाळ्यातही वाढत असेल तर पाऊस नव्हे, कुठलातरी नळ किंवा संडास-मोरीचा पाइप गळतोय. फक्त पावसात वाढत असेल तर वारा कुठून होता तेही लिहा. किनाऱ्यालगतच्या घरात तळमजल्याची ओल भरतीबरोबर वाढते का तेही बघा.

छताला सळईच्या सरळ रेषेत तडा दिसला, तपकिरी ओघळ दिसले, किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर रंगारी नव्हे, इंजिनीअर बोलवा. तोवर त्याखाली मुलांना बसू देऊ नका, पाळणा टांगू नका. गच्चीवरची पाणी जाण्याची तोंडं पावसाआधी स्वतः बघा. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथला गोलसर वाटा फुटलेला नाही ना, तेही बघा. गॅलरीच्या कठड्यावर मातीच्या जड कुंड्यांची रांग लावू नका. एसीचं पाणी भिंतीवरून ओघळू देऊ नका. भिंतीत उगवलेला पिंपळ देवाचा म्हणून आपण ठेवतो, पण त्याचं मूळ तड्याला फाकवत जातं. रोप लहान असतानाच मुळासकट काढून अंगणात लावलं तर देवही रागावणार नाही.

आणि दुरुस्तीची बैठक असेल तेव्हा चहाचा ट्रे ठेवून आत जाऊ नका. तिथेच खुर्ची घेऊन बसा. ठेकेदाराला विचारा, पाणी शिरतंय कुठून हे कसं शोधलं? सळईच्या मागपर्यंत फोडणार का? किती दिवस पाणी मारणार? कोट्यवधींच्या घरातल्या मंडळींनाही हे तीन प्रश्न आठ वर्षं सुचले नव्हते.

ताईच्या घरी गेल्या पावसाळ्यात कोपरा कोरडा राहिला. कॅलेंडरवर नोंदी मात्र ती अजूनही करते. इंजिनीअरांनीच बजावलंय, समुद्र समोर आहे तोवर ही वही बंद करायची नाही. मैत्रिणींनो, तुम्हीही यंदा छतावरचा डाग रंगवायच्या आधी एक पावसाळा लिहून काढा.